भुशाची बाग

आमच्या काकांनी नोकरीची सगळी वर्षं असे नळ बसवण्यात घालवली, ज्यांतून पाणी येत नाही. फर्निचरच्या एका अवाढव्य शोरूममध्ये ते नमुन्याच्या खोल्या मांडायचे. नमुन्याची खोली म्हणजे तीन भिंतींची खोली. चौथ्या भिंतीच्या जागी गिऱ्हाईक. आत सोफा, पुठ्ठ्याचा टीव्ही, कपाटात पुस्तकांच्या नुसत्या पाठी, आणि जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकची लिंबं. लिंबांच्या बाबतीत काका फार हळवे. "लिंबं पाचच ठेवायची. चार ठेवली तर मोजल्यासारखी वाटतात, सहा ठेवली तर विकायला आणल्यासारखी." हे ते अशा दबक्या आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, कोणाच्या तरी हृदयाच्या ऑपरेशनबद्दल चाललंय.

तर हे काका रिटायर झाले आणि आमच्या वरच्या मजल्यावर, काकूच्या घरात, राहायला आले. म्हणजे तसे ते लग्न झाल्यापासून तिथेच होते. पण सकाळी जाऊन रात्री येणारा माणूस घरात राहतो, असं काकू मानत नाही. तो घरात झोपतो.

पहिल्याच आठवड्यात काकांनी सोफा तिरका केला.

"हे काय?" काकू म्हणाली.

"थोडासाच तिरका. भिंतीला चिकटवून ठेवलेला सोफा म्हणजे कसं, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं. तिरका केला की खोलीला फील येतो."

संध्याकाळी दिवा लावायला जाताना काकूच्या पायाची करंगळी त्या तिरक्या सोफ्यावर आपटली. "आई गं!" ही किंकाळी खालच्या मजल्यावर आम्हालाही ऐकू आली. पाठोपाठ तिचा शांत आवाज आला, "हो. आला फील."

मग स्वयंपाकघराचा नंबर लागला. काकांनी सगळे डबे रंगाप्रमाणे लावले. पिवळ्याशेजारी पिवळं, तांबड्याशेजारी तांबडं, आणि पांढऱ्याच्या रांगेत मीठ, साखर आणि धुण्याचा सोडा, तिघं खांद्याला खांदा लावून. लेबलं अर्थातच काढून टाकलेली, कारण लेबल म्हणजे "नजरेला खडा". दुसऱ्या दिवशी सकाळी काकूने चहाचा घोट घेतला, तो बेसिनमध्ये थुंकला आणि कप काकांच्या पुढे ठेवला.

"दिसतंय ना छान?" काका म्हणाले.

"फार छान दिसतंय. आता पिऊन बघा."

त्या सकाळी काकूने निकाल दिला. दिवसा हे घर तिला काकांशिवाय पाहिजे. ते कुठे जातील, काय करतील, याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नाही. "देवळात बसा, वाचनालयात बसा, पुलावर उभे राहून गाड्या मोजा. पण माझ्या डब्यांना हात लावायचा नाही."

काकांच्या नशिबाने नगरपालिकेने त्याच सुमारास जुन्या पाण्याच्या टाकीमागची पडीक जागा दोऱ्या ताणून आखली होती आणि भाजीपाला लावायला लोकांना तिचे तुकडे वाटत होती. त्याला सगळे तुकडाच म्हणतात. कारभार एका सेक्रेटरीबाईंकडे. या बाई पूर्वी मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही प्रत्येक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा बोलतात. "पहिल्या. हंगामात. निम्म्या तुकड्यावर. काहीतरी. उगवलेलं. दिसलं पाहिजे. नाहीतर. तुकडा. रांगेतल्या. पुढच्या माणसाला." त्यांचं वाक्य संपेपर्यंत एखादं रोप खरंच उगवून येईल.

बाकीच्या लोकांनी मिळेल ते उचलून आणलं. फुटके टब, टायर, जुनी दारं, पाडलेल्या घरांच्या विटा, पलंगाची स्प्रिंगची जाळी वेलाला चढायला. शेजारच्या तुकड्यावर एक पार्लरवाली होती. तिने पार्लरमधून हेअर डायच्या रिकाम्या बादल्या आणल्या आणि स्वतःला बसायला गिऱ्हाइकाची मोडकी, गोल फिरणारी खुर्ची. ती त्या खुर्चीत बसून वांग्यांना पाणी घालायची आणि समोर दिसेल त्याच्या मातीवर बोलायची. "काका, तुमची माती किती ड्राय आहे हो! काही लावतच नाही का तिला? आतून पोषण पाहिजे, वरवर पाणी मारून काही होत नाही. आणि हे खड्डे बघा. वेळीच लक्ष दिलं असतं ना..."

काका तिच्या बादल्यांकडे बघून नाक मुरडायचे. सगळ्याच तुकड्यांकडे बघून मुरडायचे. "भंगार आणायचं तर आणा, पण त्यात काही मेळ? इकडे निळी बादली, तिकडे हिरवं दार. डोळे दुखतात." हे बोलणारा माणूस स्वतः भंगारच आणणार होता, पण काकांच्या मते त्यांचं भंगार खानदानी होतं. शोरूमला त्या वर्षी नवा लूक द्यायचा होता. जुन्या नमुन्याच्या खोल्या मागच्या अंगणात काढून टाकल्या होत्या आणि भंगारवाल्याची वाट बघत होत्या. भंगारवाल्याआधी काका टेम्पो घेऊन पोचले.

चार खेपांत त्यांनी अख्खं शोरूम तुकड्यावर आणून ओतलं. मॉड्युलर किचनची कपाटं, चकचकीत सनमायकाची, लालभडक. पलंगांच्या डोक्याकडच्या फळ्या. बाथरूमची सरकती काच. नक्षीदार बाक. त्यांच्या डोक्यातली योजना अशी होती की कपाटं पाठीवर आडवी टाकायची, दारं काढायची, आत माती भरायची, की झाले उंच वाफे. पलंगाच्या फळ्यांचं कुंपण. बाथरूमच्या काचेखाली नाजूक रोपं. आणि ड्रॉवरमध्ये बी रुजत घालायचं. त्या ड्रॉवरचं काकांना काय कौतुक! येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचे. "ढकला. जोरात ढकला. आला आवाज? नाही ना? शेवटी आपोआप हळू होतो." पालकाच्या बीला आवाजाचा त्रास होतो, हे तोपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं.

मग सुरू झाली मांडणी. हंगाम चालला होता. पार्लरवालीची वांगी फुलावर आली, पलीकडे कोणाच्या तरी स्प्रिंगच्या जाळीवर वेल चढून वरून खाली बघायला लागला, आणि काका बाक हलवत होते. तिरका. अजून थोडा तिरका. मागे चार पावलं जायचं, एक डोळा मिटायचा, पुढे येऊन हलवायचं.

"काका, बी कधी टाकणार?" पार्लरवालीने विचारलं.

"आधी लेआउट."

"अहो, पण हंगाम..."

"लेआउट चुकला ना ताई, तर मग कितीही भाजी लावा, ती भाजी उठून दिसत नाही."

पण एक कबूल करायला पाहिजे. लोक यायचे. टाकीच्या रस्त्याने फिरायला जाणारे तिथे थांबायचे, कारण टायर आणि टबांच्या त्या गर्दीत काकांचा तुकडा खरोखरच एखाद्या मासिकातल्या चित्रासारखा दिसायचा. काका लगेच पुढे. "या, या. बघताय काय, बसा. बसून बघा. घाई नाही. आता डोळे मिटा. काय वाटतंय? मोकळं वाटतंय ना?" लोक डोळे मिटून म्हणायचे, हो, मोकळं वाटतंय. वाटणारच. रिकामा होता तुकडा.

काकूला हे सगळं पार्लरवालीकडून कळायचं, केस कापून घेताना. काकू म्हणायची, "माती उगवो नाही तर दगड उगवो. दिवसभर तिकडे आहेत ना? मग झालं." डबे लेबलांसकट जागेवर परत आले होते. दुपारी ती रेडिओ मोठ्याने लावून पाय पसरून झोपायची. लग्नानंतर इतकी खूश ती आम्हाला कधी दिसली नव्हती.

शेवटी एकदाचा लेआउट झाला. काकांनी मातीच्या गोण्या आणल्या, कपाटं भरली, पालक टाकला, मुळा टाकला, घेवडा टाकला. आणि मग झारीने पाणी घातलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. शोरूममध्ये पाणी नावाची वस्तूच नव्हती. नळ कोरडे, सिंक कोरडे, फुलदाणीतली फुलं कापडी. फरशी पुसणाऱ्या बाईने एकदा ओला पोछा कपाटापर्यंत नेला, तर काका तिच्यावर असे धावून गेले होते म्हणे, की ती बिचारी दुसऱ्या दिवसापासून कामावर आलीच नाही. का ओरडलो, ते त्यांना नीट माहीत होतं, कारण ती कपाटं भुशाची होती. लाकडाचा भुसा, डिंक आणि वर सनमायका. हे माहीत असलेल्या माणसाने त्याच भुशाच्या खोक्यात ओली माती भरली आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर झारी धरली. ओली फरशी आणि झारी यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. शोरूम ते शोरूम, बाग ती बाग!

पार्लरवालीने सांगितलं होतं. "काका, हा भुशाचा बोर्ड आहे ना? माझ्या बेसिनखाली असाच होता. फुगून असा झाला हो, बाळंतपणाला टेकल्यासारखा."

"तो लोकल असेल," काका म्हणाले. "हा एक्स्पोर्ट क्वालिटी आहे."

एक्स्पोर्ट क्वालिटी आधी कोपऱ्यांतून फुगली. चहात बुडवलेलं बिस्किट कसं, तसं. मग सनमायका सुटला आणि रागावलेल्या माणसाच्या ओठासारखा बाहेर वळला. काकांनी त्याला चिकटपट्टी लावली, लाल रंगाची, मॅचिंग. एका सकाळी पहिलं कपाट पोटातून फाटलं आणि सगळी माती, त्यातल्या कोवळ्या पालकासकट, रस्त्यावर आली. दोन दिवसांनी दुसरं. मग ओळीने सगळीच बसायला लागली, लग्नाच्या पंगतीत बसतात तशी. आवाज न करणारे ड्रॉवर फुगून जागच्या जागी अडकले आणि बी आत बंद झालं. काकांच्या बागेत पहिलं पीक आलं ते अळंब्यांचं. पिवळट, ओलसर, फुगलेल्या भुशाच्या भेगांमधून. पार्लरवाली खुर्चीत गर्रकन फिरून म्हणाली, "अय्या, फंगल!"

त्या दिवशी काका दुपारीच घरी आले. डोकं दुखतंय म्हणाले. काकू झोपेतून उठली तेव्हा फ्रिज बाल्कनीच्या दारात होता.

"स्वयंपाकघरात उजेड अडत होता," काका म्हणाले.

काकू खाली आमच्याकडे आली आणि आईसमोर पाटावर बसली. ती रडत नव्हती. रडण्याच्या पलीकडचं काहीतरी चाललं होतं. "तुकडा गेला तर हा माणूस रोज घरी," ती म्हणाली. "रोज. सकाळपासून. कळतंय का तुला?"

आईला कळत होतं. आमचे बाबा रिटायर व्हायला अजून अवकाश आहे, पण आई अधूनमधून त्यांच्याकडे बघते.

सेक्रेटरीबाईंची पाहणी जवळ आली होती. शहाण्या माणसाने या मुदतीत चार टायर मागून आणले असते, पटकन येणारी मेथी टाकली असती. काकांनी ते केलं, जे साहेब येणार म्हटल्यावर ते नोकरीभर करत आले होते. त्यांनी खोली सजवली. फुटलेली कपाटं मागून विटांचा टेकू देऊन उभी केली, पुढून लाल चिकटपट्टी. घरातल्या माळ्यावरचा शोरूमच्या सजावटीचा खोका काढला आणि प्लास्टिकचे वेल, कापडी पानं, स्पंजचे कोबी मातीत खोचले. बाथरूमच्या काचेवर आतून पाणी फवारलं, दव वाटावं म्हणून. पुढून बघितलं तर डोळ्याचं पारणं फिटावं. मागून बघितलं तर भूकंपग्रस्तांना मदत पाठवावीशी वाटली असती.

पाहणीच्या दिवशी काकूही आली, आम्हाला घेऊन. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. डोक्याला तेल, हातात डबा, आणि तोंड असं, की कोर्टात तारीख आहे.

सेक्रेटरीबाई आल्या. काका पुढे झाले. "या, या. बसा. बसून बघा ना."

"मी. उभी. बरी आहे." बाई वाकल्या आणि त्यांनी कोबीला बोट लावलं. कोबी आत गेला आणि बोट काढल्यावर परत बाहेर आला. बाईंनी तो पुन्हा एकदा दाबून बघितला. "हे. काय. आहे?"

"नमुना," काका म्हणाले. "असं दिसेल."

"कधी?"

"पीक आल्यावर."

"आणि. पीक. कधी?"

काकांनी आयुष्यात कुठल्याच गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचारू दिला नव्हता. त्यांनी सवयीने बाक थोडा तिरका केला. बाकाचा धक्का कपाटाला लागला. कपाटाचा विटेला. मग पुढचं सगळं फार वेळ चाललं नाही. माती, वेल, कोबी, सनमायका, सगळं सावकाश पुढे आलं आणि बाईंच्या चपलांपाशी येऊन थांबलं. फक्त ड्रॉवर तेवढे अजूनही बंद होते.

"तुकडा," बाई म्हणाल्या. "परत."

"थांबा," काकू म्हणाली.

तिने डबा पार्लरवालीच्या हातात दिला, पदर खोचला आणि त्या मातीच्या ढिगावरून चालत बाईंच्या समोर आली. "बाई, तुमचं सगळं बरोबर आहे. या माणसाला मुळ्याचं पान आणि पालकाचं पान यातला फरक कळत नाही. हा तुकडा याला द्यायला नको होता. कुत्र्याला दिला असता तर निदान खड्डे तरी झाले असते. पण एक विचारू? तुमचे हे रिटायर झालेत का?"

सेक्रेटरीबाईंचं तोंड उतरलं. पार्लरवालीने खुर्ची हळूच या बाजूला फिरवली.

"झालेत," काकू म्हणाली. "बघा, झालेत. तोंडावरून कळतं."

आणि मग आम्ही एक ऐकलं, जे त्या शाळेतल्या कुठल्याही बॅचने ऐकलं नसेल. बाईंचे पूर्णविराम गळून पडले. "मागच्याच महिन्यात झालेत हो आणि तुम्हाला काय सांगू जन्मभर गाडीच्या लायसन्सची परीक्षा घेतली यांनी तर तीच सवय आता माझ्या मागे हातात पॅड घेऊन उभे असतात मी कांदा चिरते तर हं म्हणतात आणि काहीतरी लिहितात काय लिहिलं विचारलं तर सांगत नाहीत आणि परवा स्वयंपाकघरातून ताट घेऊन बाहेर पडले तर म्हणे वळण्याआधी मागे बघितलं नाहीस नापास!"

"अगं बाई," काकू म्हणाली.

"नापास म्हणे! मला!"

दोघी त्या नक्षीदार बाकावर बसल्या. अख्ख्या हंगामात त्या बाकावर कोणाला खरोखर मोकळं वाटलं असेल तर ते तेव्हा. काय बोलल्या ते सगळं ऐकू आलं नाही, पण "दिवसभर", "सहाच्या आत नाही" आणि "डबा आपण देऊ" एवढं पार्लरवालीला स्पष्ट ऐकू आलं आणि तिने ते सगळ्या पार्लरला सांगितलं.

निर्णय झाला. एक हंगाम मुदतवाढ. तुकडा दोन नावांवर.

"पण मला एकट्याने काम करायची सवय..." काकांनी सुरुवात केली.

"तुम्हाला कोणी विचारलंय?" काकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाईंचे यजमान आले. इस्त्रीची पँट, बंद गळ्याचा स्वेटर, काखेत पॅड. काकांनी त्यांना बाकावर बसवलं. "बसून बघा. कसं वाटतंय?"

"हं," ते म्हणाले आणि काहीतरी लिहिलं.

"मोकळं वाटतंय ना?"

त्यांनी फुगलेली कपाटं, कोबी, विटा, सगळीकडे एकदा सावकाश बघितलं. मग पॅडवरची पेन्सिल कुदळीकडे वळवली. "चला. सुरू करा. टाकीच्या भिंतीपासून दोरीपर्यंत. सरळ."

काका सुरू झाले, कारण मागे कोणी पॅड धरून उभं असलं की माणूस काहीही सुरू करतो. पहिली सरी निम्म्यावर डावीकडे वळली.

"डावीकडे गेलात. सिग्नल नाही. बुजवा. पुन्हा."

"अहो, थोडी तिरकी बरी दिसते, तिरकी असली की..."

"पुन्हा."

तो शब्द त्या दिवसापासून टाकीमागे इतक्या वेळा ऐकू आला की पार्लरवालीची वांगीसुद्धा सरळ वाढायला लागली असतील. काका घामाघूम, शर्ट पँटच्या बाहेर, गुडघ्यापर्यंत चिखल. तोंडातून असे शब्द, की पार्लरवालीने आपल्या लहान मुलीला तुकड्यावर आणणं बंद केलं. शिवी आली की पॅडवर खूण. खूण झाली की काका अजून जोरात कुदळ मारायचे. अळंब्यांसकट सगळा भुसा उचलून त्यांनी टाकीमागच्या कचऱ्याच्या ढिगावर फेकला, तोसुद्धा सरळ रांगेत, कारण बाईंच्या यजमानांना पार्किंगही नीट लागतं.

आता तिथे घेवड्याच्या चार सऱ्या आहेत आणि त्या इतक्या सरळ आहेत की बघून भीती वाटते. त्यात उगवलंयसुद्धा. फार नाही. पण बोट लावलं तर आत जात नाही. परवा काकू आणि सेक्रेटरीबाई सिनेमा बघून येताना तिकडून गेल्या. काका कुदळीवर टेकून उभे होते, धापा टाकत. बाईंचे यजमान पॅड बघत होते.

"कसं चाललंय?" काकूने विचारलं.

"नापास," यजमान म्हणाले. "उद्या परत बोलावलंय."

काका काही बोलणार होते, पण काकूने बाईंचा हात धरला आणि दोघी घाईघाईने निघाल्या. दुसऱ्या खेळाची तिकिटंही त्यांनी आधीच काढली होती.